पानावरचे आणि पानातले: पालेभाज्यांतील रासायनिक प्रदूषकांविषयी वाचकांचे प्रश्न

पालेभाज्या आणि झाडांची पाने यांत उतरणाऱ्या रसायनांविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या वसाहतीबाहेर रोज सकाळी पालक, लाल माठ आणि मुळ्याचा पाला विकायला येतो. तो रेल्वेमार्गालगतच्या मळ्यांतला असतो आणि त्या मळ्यांना नाल्याचे पाणी दिले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. मी भाजी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते आणि नंतर तीन पाण्यांनी धुते. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचिका, कल्याण)

भाजी धुण्याची आपली सवय चांगली आहे आणि ती सोडू नये. परंतु आपण ज्या भीतीने ती धुता, त्या भीतीपुरते उत्तर ‘नाही, पुरेसे नाही’ असेच द्यावे लागेल. पालेभाजीतील रसायने दोन ठिकाणी असतात: काही पानावर बसलेली असतात, तर काही पानाच्या आत, त्याच्या पेशींमध्ये असतात. धूळ, माती, काजळी आणि फवारणीचा वरवरचा थर पाण्याने बऱ्याच अंशी निघून जातो. मुळांनी पाण्याबरोबर शोषून घेतलेले मात्र पानाचाच भाग झालेले असते. ते मिठाने निघत नाही, व्हिनेगरने निघत नाही आणि शिजवल्यानेही नष्ट होत नाही. नाल्याच्या पाण्यातील जंतू आणि कृमींची अंडी उकळल्यावर मरतात. धातू हे मूलद्रव्य असल्याने उष्णतेने त्याचे काहीही बिघडत नाही. भाजी उकळून पाणी फेकून दिले तर धातूंचा थोडा अंश त्याबरोबर जाऊ शकतो, पण त्यापेक्षा कितीतरी अधिक फोलेट आणि क जीवनसत्त्व वाया जाते.

आता कोणता धातू आत शिरतो आणि कोणता बाहेर राहतो, हे थोडे सविस्तर पाहू, कारण आपल्या निर्णयाचा आधार तोच आहे. वनस्पतीला जस्ताची गरज असते आणि ते शोषण्यासाठी मुळांमध्ये खास वाटा असतात. कॅडमियमचे रासायनिक वर्तन जस्ताशी इतके मिळतेजुळते आहे की तो त्याच वाटांनी आत येतो, रसाबरोबर वर चढतो आणि पानांत साठतो. पालक, माठ, लेट्यूस या भाज्या कॅडमियम साठवण्यात पुढे आहेत, शिवाय भाजी टवटवीतच दिसत राहते. पिवळेपणा किंवा डाग यांवरून तो ओळखता येत नाही. शिशाचे तसे नाही. ते मातीच्या कणांना आणि मुळांच्या सालीला घट्ट चिकटून राहते, सहसा फारसे वर चढत नाही. पालेभाजीत सापडणाऱ्या शिशाचा मोठा वाटा उडालेल्या धुळीतून आणि पाणी देताना पानांवर उडालेल्या चिखलातून आलेला असतो. म्हणून आपल्या तीन पाण्यांनी शिशाचा बराचसा भाग जात असावा, कॅडमियमचा नाही.

कॅडमियमची काळजी करायची ती त्याच्या चिवटपणामुळे. तो मूत्रपिंडात साठतो आणि तिथे त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षे लागतात, म्हणजे विशीत खाल्लेल्या भाजीतील अंश पन्नाशीतही शरीरात असू शकतो. शरीरात लोह कमी असेल तर आतड्यांतून तो अधिक शोषला जातो. आपल्याकडील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण लक्षात घेता ही बाब मला फार गंभीर वाटते. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर भातशेती होत असे आणि वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतून कॅडमियम त्या नदीत उतरत होता. त्या भागातील लोकांची, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडू लागली. वेदनेने कळवळणाऱ्या त्या बायकांच्या तोंडच्या शब्दांवरून रोगाचे नाव ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणातून झालेला आजार असल्याचे मान्य केले. कल्याणच्या नाल्यांची तुलना मी त्या खाणीशी करीत नाही. सिंचनाच्या पाण्यातून धातू ताटापर्यंत कसा येतो, हे त्या घटनेने जगाला प्रथम दाखवून दिले, म्हणून तिचा उल्लेख करीत आहे.

नाल्याचे पाणी सर्वत्र सारखे वाईट असते, असेही समजू नये. केवळ घरगुती सांडपाण्यात जंतू भरपूर असतात, पण जड धातू त्या मानाने कमी असतात, आणि त्यातील नत्र-स्फुरद पिकाला उपयोगीच पडते. त्यात मुलाम्याचे कारखाने, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, रंग आणि रसायने यांचे पाणी मिसळले की धोका बदलतो. अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणमधून वाहणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे, हे आपल्या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. रेल्वेच्या मोकळ्या जमिनी ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी देण्याची पद्धत बरीच वर्षे चालत आली. तिथे राबणाऱ्या माणसाला स्वच्छ पाणी मिळाले असते तर त्याने नाल्यात पंप टाकला नसता, हेही विसरता येणार नाही.

माझा सल्ला असा: नाल्यावरची पालेभाजी नेहमीसाठी घेऊ नका. विक्रेत्याला माल कुठला आहे ते रोज विचारा. नाशिक, जुन्नर किंवा पुरंदर भागातून येणारी भाजी बाजारात मिळते. एकाच मळ्याची भाजी बारमाही खाण्यापेक्षा भाज्या आणि गावे बदलत राहिल्याने कोणत्याही एका प्रदूषकाची मात्रा वाढत नाही. आणि या भीतीने पालेभाजी खाणे मात्र थांबवू नका: लोह आणि कॅल्शियमची कमतरता असलेले शरीर शिसे आणि कॅडमियम अधिक शोषते, म्हणजे भाजी टाळून आपण त्याच धातूंना वाट करून देऊ.

प्रश्न : नदीकाठच्या पालेभाज्यांत कॅडमियम ‘मर्यादेच्या सातपट’ सापडल्याचे एका बातमीत वाचले. काही दिवसांनी त्याच भागातील भाज्या ‘मर्यादेत’ असल्याचे दुसऱ्या बातमीत आले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. विद्यार्थ्यांना काय सांगू? (एक वाचक, पुणे)

दोन्ही बातम्यांतील आकडे खरे असू शकतात, आणि आपल्या वर्गासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. प्रयोगशाळेत भाजी वाळवून, तिची पूड करून धातू मोजतात आणि पुष्कळदा निष्कर्षही वाळलेल्या वजनावर देतात. पालकात सुमारे ९१ टक्के पाणी असते. एक किलो ताजा पालक वाळवला की साधारण ९० ग्रॅम उरतो, त्यामुळे सुक्या वजनावरचा आकडा ताज्या वजनावरच्या आकड्याच्या सुमारे अकरा पट दिसतो. अन्नातील मर्यादा मात्र आपण खातो त्या ताज्या भाजीसाठी असतात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स अन्नसंहितेत पालेभाज्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. सुक्या पालकात १.५ मिलिग्रॅम सापडले आणि ते थेट ०.२ शी ताडून पाहिले, तर ‘साडेसातपट’ असा मथळा तयार होतो. पण तोच पालक ताज्या वजनावर मोजला तर ०.१४ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आतच आहे.

उलट बाजूची चूक मला अधिक धोकादायक वाटते. आपल्याकडील जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कॅडमियमची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम आणि शिशाची २.५ मिलिग्रॅम होती, आणि आजही अनेक भारतीय शोधनिबंध आपल्या आकड्यांची तुलना त्याच मर्यादांशी करतात. ताज्या माठात १ मिलिग्रॅम कॅडमियम असेल तर जुन्या मापाने तो ‘मर्यादेत’ ठरतो, जरी तो कोडेक्सच्या मर्यादेच्या पाचपट असला तरी.

विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमचे सहन होण्याजोगे प्रमाण महिन्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम असे ठरवले. ५० किलोच्या माणसासाठी ते दिवसाला सुमारे ४२ मायक्रोग्रॅम होते. ०.२ मिलिग्रॅमच्या बरोबर मर्यादेवर असलेली १०० ग्रॅम भाजी रोज खाल्ली तर त्यातून २० मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भाजीतून येतो. भात आणि गव्हातून येणारा कॅडमियम वेगळाच. १५ किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा साडेबारा मायक्रोग्रॅम आहे आणि ती अशा ६० ग्रॅम भाजीत जवळपास संपते. शिशाच्या बाबतीत तर त्याच समितीने २०१० मध्ये आधीचे सहनप्रमाण मागे घेतले, कारण मुलांच्या मेंदूवर परिणाम होणार नाही अशी कोणतीही पातळी दाखवता येईना. त्यामुळे बातमी वाचताना वजन ताजे की सुके, मर्यादा कोणाची आणि कोणत्या काळातली, आणि नमुना धुऊन मोजला की न धुता, हे विचारल्याशिवाय ‘पट’ या शब्दाला काही अर्थ नसतो, असे मी तरी माझ्या वर्गात सांगितले असते.

कोणाला स्वतः तपासणी करून घ्यायची असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील कलम ४० नुसार, विकत घेतलेला कोणताही अन्नपदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. या अधिकाराचा वापर फार थोडे लोक करतात, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या फाटकाशी, महामार्गाला लागून, कडुलिंब आणि शेवगा अशी दोन झाडे आहेत. पाडव्याला आम्ही त्याच कडुलिंबाचा मोहोर आणि पाने खातो आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून दोनदा होते. वाहनांच्या धुरामुळे यात काही धोका आहे का? (एक वाचक, ठाणे)

आपल्या दोन झाडांसाठी माझी उत्तरे वेगवेगळी आहेत. कडुलिंबाची जुनी पाने माघ-फाल्गुनात गळतात आणि पाडव्याच्या सुमारास झाडावर तांबूस कोवळी पालवी असते. ही पालवी जेमतेम काही आठवड्यांची असते, त्यामुळे तिच्यावर धूळ आणि धूर साठायला फारसा काळ मिळालेला नसतो. शिवाय आपण ती वर्षातून एकदा, चिमूटभर गूळ-जिऱ्याबरोबर वाटून खातो. रस्त्याकडची फांदी सोडून आतल्या बाजूची पालवी तोडावी, वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी आणि पाडवा निर्धास्तपणे साजरा करावा.

शेवग्याचे तसे नाही, कारण तो आपण आठवड्यातून दोनदा भाजी म्हणून खाता. दिवाळीनंतर आपल्याकडे पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे पानांवर बसलेले जूनपर्यंत तिथेच राहते. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन, म्हणजे काजळीबरोबर येणारी तेलकट संयुगे, या मेणात विरघळून बसतात. त्यांपैकी बेंझोपायरीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. धूळ पाण्याने धुतली जाते. मेणात मुरलेले सगळे निघत नाही. भारतात २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसे घालणे थांबले ही फार मोठी सुधारणा झाली, परंतु आधीच्या कित्येक दशकांत रस्त्याकडेच्या मातीत पडलेले शिसे तिथेच आहे आणि ते धुळीबरोबर पुन्हा उडते. आता त्यात ब्रेक आणि टायर यांच्या झिजेतून येणाऱ्या तांबे, अँटिमनी आणि जस्ताची भर पडली आहे.

रस्त्यापासून दूर जावे तसे हे प्रमाण पहिल्या काही दहा मीटरांतच झपाट्याने उतरते. इमारतीच्या मागच्या अंगाला शेवग्याची फांदी लावा. ती सहज जगते आणि वर्षभरात पाला देऊ लागते. पुढचे झाड तोडू मात्र नका. पाने हवेतील कण अडवतात, हाच त्या झाडाचा आपल्यावरचा उपकार आहे. कोणत्या जातीचे झाड प्रदूषण किती सोसते हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ पानातील क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पाण्याचे प्रमाण आणि रसाची आम्लता यांवरून एक निर्देशांक काढतात, तर पानांवरील कणांवरून शहराची हवा कशी आहे हेही ओळखतात. जे झाड रस्त्याची धूळ अडवण्याचे काम करते, त्याच झाडाचा पाला आपल्या ताटात नसावा, एवढेच माझे म्हणणे आहे. गॅलरीतल्या तुळशीची रोजची दोन पाने धुऊन खाण्यात मला काळजीचे कारण दिसत नाही.

प्रश्न : आमच्या परसबागेतील माठ आणि अंबाडीवर रोज राखाडी थर बसतो. औष्णिक वीज केंद्र काही किलोमीटरवर आहे. ही भाजी खावी का? (एक वाचिका, चंद्रपूर)

चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे, म्हणजे देशातील मोठ्या केंद्रांपैकी एक आहे आणि आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाणही मोठे असते. उडणाऱ्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाबरोबर आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, सेलेनियम आणि बोरॉन यांचे अंश असतात. थर पानावर आहे तोवर तो बादलीभर पाण्यात पाने बुडवून, हलवून, पाणी दोन-तीनदा बदलून बऱ्यापैकी काढता येतो. पाने चिरण्यापूर्वी धुवावीत, चिरल्यानंतर नव्हे. माठ आणि अंबाडीची पाने मोठी असल्याने हे सोपे जाते. मेथीसारख्या बारीक पानांच्या भाज्या आणि कोबीची बाहेरची पाने यांत राख अडकून राहते, म्हणून कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत.

मातीत साचलेल्या राखेचा परिणाम दुहेरी असतो. राख बहुधा अल्कधर्मी असते. तिने मातीची आम्लता कमी झाली की शिसे आणि कॅडमियम मुळांना कमी मिळतात, पण आर्सेनिक आणि सेलेनियम अधिक मोकळे होतात. बोरॉन तर राखेतूनच पाण्यात सहज उतरतो. अंबाडीच्या पानांच्या कडा करपत असतील तर बोरॉनचा संशय घ्यावा. वाफ्यातील वरची चार बोटे माती दर वर्षी बदलणे, पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत वाफ्यावर शेडनेट टाकणे आणि विहिरीचे पाणी एकदा आर्सेनिकसाठी तपासून घेणे, एवढे आपल्या हातात आहे. राख उडू न देणे ही वीज केंद्राची जबाबदारी आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सर्व राखेचा वापर करण्याचे बंधन घातले आहे. पानांवरील थराची तारखेसह छायाचित्रे जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी, ही माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : भाज्या धुण्यासाठी बाजारात मिळणारे महाग द्रव घ्यावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

घेऊ नयेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून फळे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर, सालीवरील एका बुरशीनाशकाचा ८० टक्के आणि एका कीटकनाशकाचा ९६ टक्के भाग निघाला. बुरशीनाशकाचा उरलेला भाग सालीत मुरला होता आणि तो कशानेही निघाला नाही. सफरचंदाची साल आणि मेथीचे पान एक नव्हे, तरीही सोड्याचे पाणी आणि नंतर वाहते पाणी हा घरगुती उपाय स्वस्त आणि पुरेसा आहे.

प्रश्न : माझे बाळ सात महिन्यांचे आहे. पालकात नायट्रेट असते म्हणून तो देऊ नये, असे कुणी सांगितले. खरे आहे का? (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

पालकात नायट्रेट असते हे खरे आहे. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोमागे ३५०० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. युरिया जास्त दिला आणि ऊन कमी मिळाले की ते वाढते, आणि पानाच्या पात्यापेक्षा देठात ते अधिक असते. खरा त्रास नायट्रेटचे नायट्राइट झाल्यावर होतो, कारण नायट्राइट तान्ह्या मुलाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. शिजवलेला पालक उबदार हवेत तासन्‌तास राहिला की जंतू हेच रूपांतर घडवतात. म्हणून देठ काढून टाकावेत, पाने उकळून ते पाणी ओतून द्यावे, ताजे शिजवलेले दोन-तीन चमचे द्यावे आणि उरलेले बाळासाठी ठेवू नये. जुलाब होत असताना पालक देऊ नये. बाकी काही काळजी करू नका.

प्रश्न : गच्चीवर सेंद्रिय पद्धतीने भाजी लावतो. शेजारच्या जुन्या चाळीच्या पुनर्बांधणीतली माती आणि शहरातील कचऱ्याचे खत फुकट मिळाले. सेंद्रिय असल्याने भाजी निर्धोक समजावी ना? (एक वाचक, मुलुंड)

नाही. ‘सेंद्रिय’ या शब्दाने आपण कीटकनाशक वापरले नाही एवढेच कळते, माती कशी आहे ते कळत नाही. जुन्या इमारतींच्या दारे-खिडक्यांवर शिशाचे रंग दिले जात. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चाळ पाडताना ते पापुद्रे आणि गिलावा मातीत मिसळतात. ही माती फुलझाडांना वापरा. खाण्याच्या भाजीसाठी, आणि विशेषतः लहान मुले त्या कुंड्यांत हात घालत असतील तर, ती मुळीच वापरू नका.

खताबाबत विचारपूस करा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या खतासाठी किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. पिशवीवर चाचणीचा तपशील नसेल तर ते खत पालेभाजीला घालू नये. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत सर्वांत चांगले.

प्रश्न : मी कोथिंबीर आणि मेथी लावतो. फवारणी केल्यावर भाव चढला की चार दिवसांत माल काढावा लागतो. थांबलो तर भाव पडतो आणि जुडीला मजुरीही सुटत नाही. दोष सगळा शेतकऱ्याला देतात. आम्ही नेमके काय करावे? (एक शेतकरी, जुन्नर तालुका)

आपली अडचण खरी आहे. कोथिंबिरीच्या लिलावात एका दिवसात भाव कसा कोसळतो आणि शेतकरी जुड्या रस्त्यावर ओतून कसा घरी जातो, हे मी पाहिले आहे, त्यामुळे ‘थांबा’ एवढाच उपदेश आपल्याला करणार नाही.

अडचणीचे मूळ पिकाच्या स्वभावात आहे. मेथी महिन्याभरात आणि कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघते, वजनाच्या मानाने पानांचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि सोलून टाकायला साल नसते. वांग्यावर जेवढे औषध राहील त्याच्या कितीतरी पट ते कोथिंबिरीवर राहते. त्यात औषध स्पर्शजन्य आहे की आंतरप्रवाही, यावर सगळे अवलंबून आहे. स्पर्शजन्य औषध पानावर राहते, उन्हाने विघटित होते आणि काही अंशी धुतलेही जाते. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध पानाच्या आत जाते आणि गिऱ्हाईकाने कितीही धुतले तरी तिथेच राहते. म्हणून काढणी जवळ आल्यावर आंतरप्रवाही औषध कोणत्याही कारणाने वापरू नये. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर कायद्यानेच बंदी आहे. दुकानदार कपाशीसाठी आणलेली बाटली पुढे करील, ती परत करावी. बाटलीवरचा त्रिकोण बघावा: लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा.

लेबलावर पिकाचे नाव आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस, छापलेले असतात. कोथिंबीर आणि मेथीसाठी लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरण्याची नोंदणीकृत मान्यता, असलेली औषधे फार थोडी आहेत, आणि एखाद्या पिकासाठी अवशेषांची मर्यादा ठरवलेली नसेल तर आपल्याकडे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागू होते. इतक्या छोट्या पिकांसाठी कंपन्या नोंदणीचा खर्च करीत नाहीत, शासन त्यांना करायला लावत नाही आणि मग शेतकरी कपाशीचे औषध कोथिंबिरीवर मारतो. दोष वाटायचाच असेल तर तो या साखळीत वाटावा लागेल.

आपल्या हातात आहे ते असे. एकाच वेळी सगळे रान पेरण्यापेक्षा आठ-आठ दिवसांच्या अंतराने तुकडे पेरा, म्हणजे भाव चढला त्या दिवशी काढायला तयार असलेला आणि फवारणी न झालेला एखादा तुकडा आपल्याकडे असेल. पहिल्या पंधरा दिवसांत मावा आणि नागअळीवर लक्ष ठेवा, पिवळे चिकट सापळे लावा आणि १०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, वस्त्रगाळ करून, पाच टक्के अर्क संध्याकाळी फवारा. रासायनिक फवारणी करावीच लागली तर ती पिकाच्या पहिल्या अर्ध्या काळात करा. वाढत्या पानात औषधाचा अंश आपोआप विरळ होत जातो. प्रत्येक तुकड्याची पेरणी, औषध आणि फवारणीची तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि प्रतीक्षा काळ संपला नसेल तो तुकडा मजुरांना दाखवून वेगळा ठेवा.

फवारताना स्वतःला जपा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पानावर जे औषध आपल्याला नको आहे, ते सर्वांत आधी आपल्या अंगावर पडते. हातमोजे, तोंडावर मास्क आणि अंगभर कपडे घाला, वारा येतो त्या बाजूला पाठ ठेवा, आणि मजुराला ही साधने दिल्याशिवाय त्याच्या पाठीवर पंप देऊ नका. आपल्या वहीतील नोंदी दाखवून माल थेट एखाद्या गृहसंकुलाला किंवा गटाला देता येईल का, हे पाहण्यासाठी मला पुन्हा लिहा. पुणे आणि मुंबईतील काही वाचकांनी अशा भाजीसाठी विचारणा केली आहे आणि त्यांची पत्रे मी आपल्याकडे पाठवीन.